‘पहा’ ते शिफारस : मराठी ज्ञानकोशांतील संबंधनिर्देशाचा मागोवा

ज्ञानकोशातील एखादी नोंद वाचून संपली म्हणजे वाचकाने पुढे कोठे जावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. संपादकाच्या दृष्टीने तो तसा नाही. एका नोंदीचा दुसरीशी संबंध कोणता मानावयाचा, हे ठरविल्यावाचून कोश हा कोश होत नाही. तो सुट्या टिपणांचा गठ्ठा राहतो.

उदाहरणादाखल मंचर ह्या गावाची नोंद घेऊ. पुणे-नाशिक रस्त्यावरील ही गजबजलेली बाजारपेठ आंबेगाव तालुक्यात येते. परंतु तालुक्याचे ठाणे मंचरला नसून घोडेगावला आहे, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले ते मूळ गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले आहे. जलाशयास हुतात्मा बाबू गेनू ह्यांचे नाव दिले आहे. बाबू गेनू ह्याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाची मालमोटार अडविताना ते तिच्याखाली चिरडले गेले. म्हणजे ‘मंचर’ वाचणाऱ्याला घोडेगाव, डिंभे, बुडालेले आंबेगाव, घोड, घोड जिला मिळते ती भीमा, आणि स्वदेशीची चळवळ, इतक्या नोंदींकडे जाण्यास सबळ कारण आहे. उत्तरेस जुन्नर लागते, आणि जुन्नरहून नाणेघाटाकडे गेले की नागनिकेचा शिलालेख व सातवाहनांचा व्यापार येतो. मंचरच्या बाजारात उतरलेल्या डिंभ्याकडच्या माणसाला हे धागे कोणी सांगावे लागत नाहीत. कोशाला मात्र ते वाचकास सांगावे लागतात, आणि आता आंतरजालावरील कोशांत ते सांगण्याचे काम बव्हंशी यंत्राकडे सोपविले गेले आहे. लेख संपला की त्याखाली दोनतीन ‘संबंधित लेख’ आपोआप उमटतात. ते कोठून येतात, त्यांच्यामागे कोणती परंपरा आहे आणि मराठीत ते का चुकतात, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

आपल्याकडील जुन्या कोशांना हा प्रश्न पडतच नव्हता, कारण ते अकारविल्हे रचलेले नव्हते. अमरकोशाची रचना वर्गांची आहे. वारिवर्गात पाणी, नद्या, जलचर हे सारे शेजारी शेजारी बसतात. जो शब्द सापडला त्याच्या आजूबाजूला त्याचे सोयरे असतातच; ‘पहा’ म्हणून वेगळे सांगावे लागत नाही. शिवकालात रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशातही हीच पद्धत आहे. त्याच्या दहा वर्गांत दुर्गवर्ग आहे, लेखनवर्ग आहे, पण्यवर्ग आहे. किल्ल्याचा एक शब्द शोधणाऱ्याच्या डोळ्यांखालून किल्ल्याचा सारा संसार जातो. ह्या पद्धतीत संबंध म्हणजे शेजार. तिचा दोष एवढाच की, एका वस्तूला एकच घर मिळते. डिंभे हे नदीच्या वर्गात घालावे की हुतात्म्यांच्या स्मारकांत, ह्याचा निर्णय एकदा झाला की दुसरी वाट बंद झाली.

वर्णानुक्रमाने ही अडचण दूर केली आणि दुसरी निर्माण केली. अक्षरांच्या क्रमात शेजारी कोण यावे हे योगायोगावर असते. युरोपात एफ्राइम चेंबर्सच्या १७२८ च्या कोशात ह्या तुटलेल्या ज्ञानाला पुन्हा सांधण्यासाठी परस्परनिर्देशांची जाणीवपूर्वक योजना केलेली आढळते, आणि दिदरोने १७५५ मध्ये आपल्या विश्वकोशातील ‘विश्वकोश’ ह्याच नोंदीत ह्या निर्देशांची मीमांसा केली. निर्देश एका विचाराला पुष्टी देऊ शकतो, तसाच तो छुपेपणाने त्यावर आघातही करू शकतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. त्या कोशात नरभक्षणाच्या नोंदीखाली ख्रिस्ती धर्मातील प्रसादविधीकडे बोट दाखविले आहे. प्रकटपणे लिहिता न येणारे त्या एका निर्देशाने लिहिले गेले. ‘पहा’ हा शब्द निरुपद्रवी नसतो, एवढे ह्यावरून ध्यानात यावे.

मराठीत रघुनाथ भास्कर गोडबोले ह्यांचे ऐतिहासिक कोश एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांतले. तथापि संबंधाचा प्रश्न सर्वांगांनी अंगावर घेतला तो श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी. १९२० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या तेवीस खंडांतील पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत. त्यांत ‘वेदविद्या’, ‘विज्ञानेतिहास’ असे सलग ग्रंथच आहेत. कोशाच्या आरंभी हा एवढा पसारा कशासाठी, अशी शंका पुष्कळांस येते. माझ्या मते त्याचे उत्तर येथेच आहे. अकारविल्हे नोंदींनी ज्ञानाचे तुकडे होणार हे ओळखून केतकरांनी आधी अखंड पट विणला आणि मग तो कापला. शिवाय त्यांनी स्वतंत्र सूचिखंड दिला. शरीरखंडांत ज्याला स्वतःची नोंद नाही असे गाव वा व्यक्ती इतरांच्या नोंदींत कोठे कोठे आली आहे, हे सूची सांगते. लहान गावांच्या दृष्टीने सूचीचे हे उपकार फार मोठे आहेत.

मराठी विश्वकोशाने हे काम अधिक शिस्तीने केले. १९६० साली स्थापन झालेल्या साहित्य-संस्कृती मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली वाईस हा उद्योग आरंभिला. पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये बाहेर पडला. त्यात दोन प्रकारचे निर्देश आढळतात. मजकुराच्या ओघात आलेल्या शब्दावर स्वतंत्र नोंद असल्यास त्यापूर्वी बाणाची खूण असते, आणि नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ असे लिहून काही शीर्षके दिलेली असतात. ह्या दोहोंतला भेद महत्त्वाचा आहे. बाण एवढेच सांगतो की हा शब्द येथे आला असून त्याची नोंद आहे. ‘पहा’मध्ये मात्र अशी शीर्षकेही येऊ शकतात की, जी मजकुरात कोठेही आलेली नसतात. बाण हा उल्लेख होय. ‘पहा’ हा निर्णय होय. तो निर्णय करणाऱ्या संपादकास केवळ समोरचा लेख नव्हे, तर सारा कोश डोक्यात ठेवावा लागतो, आणि ज्या खंडांतील नोंदी अद्याप लिहूनही झालेल्या नाहीत त्यांचाही हिशेब धरावा लागतो.

आता यंत्राकडे वळू. शब्दांची गणना करून लेखाचा विषय ओळखता येईल, ही कल्पना हान्स पीटर लुन ह्यांनी १९५७-५८ च्या सुमारास मांडली. गेरार्ड सॉल्टन ह्यांनी तिला भूमितीचे रूप दिले : प्रत्येक लेख म्हणजे शब्दसंख्यांनी ठरणारी एक दिशा, आणि ज्या दोन दिशांतला कोन लहान ते दोन लेख परस्परांच्या जवळचे. कॅरेन स्पार्क जोन्स ह्यांनी १९७२ मध्ये ह्यात एक मार्मिक सुधारणा केली. जो शब्द बहुतेक सर्वच लेखांत येतो त्याला किंमत कमी, जो थोड्याच लेखांत येतो त्याला अधिक. ‘आहे’ ह्या शब्दावरून काही कळत नाही. ‘सातवाहन’वरून पुष्कळ कळते. (सॉल्टन ज्या कॉर्नेल विद्यापीठात हे काम करीत होते, त्याच विद्यापीठाचे केतकर डॉक्टर. ह्यात कार्यकारणभाव काही नाही. पण कोशाच्या दोन वाटा एकाच गावाहून निघाव्यात हा योग नमूद केल्यावाचून राहवत नाही.)

विकिपीडियाच्या तळाशी येणारी शिफारस मूलतः ह्याच घराण्यातली आहे. तिचा शोधयंत्रणेचा पाया ‘लुसीन’ ह्या १९९९ साली सुरू झालेल्या मुक्त प्रणालीवर उभा आहे, आणि तीत ‘ह्यासारखे आणखी’ अशी एक क्रिया आहे. ती समोरच्या लेखातील वजनदार शब्द निवडते, ते शब्द एखाद्या प्रश्नाप्रमाणे साऱ्या कोशापुढे टाकते, आणि ज्या लेखांत ते अधिक जुळतात त्यांपैकी पहिले तीन वाचकापुढे ठेवते. निवडताना अगदीच एखाददुसऱ्या लेखात आढळणारे शब्द ती गाळू शकते, कारण ते लेखनदोष असण्याचा संभव असतो. संपादकांना ही यादी हाताने बदलण्याचीही सोय आहे. तिचा उपयोग किती होतो हा निराळा विषय.

इंग्रजीत हे बरे चालते. मराठीत अडते, आणि ते कोठे अडते हे पाहणे भाषाभ्यासकाला उद्बोधक आहे. यंत्राच्या लेखी शब्द म्हणजे दोन रिकाम्या जागांमधला अक्षरसमूह. मराठी नामाला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये चिकटून येतात, आणि चिकटण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. मोरो केशव दामले ह्यांनी १९११ च्या व्याकरणात ज्या प्रकरणाचा एवढा ऊहापोह केला, तेच प्रकरण आता यंत्राच्या वाटेत आडवे आले आहे. ‘लेणे, लेणी, लेण्यात, लेण्यांच्या, लेण्यांमधील’ हे यंत्राला पाच शब्द. ह्याने दुहेरी हानी होते. जुन्नरच्या लेण्यांविषयीच्या दोन लेखांत एकाने ‘लेण्यांत’ आणि दुसऱ्याने ‘लेण्यांमध्ये’ लिहिले, तर त्यांचे साम्य मोजलेच जात नाही. आणि एक शब्द अनेक रूपांत विखुरल्यामुळे प्रत्येक रूप दुर्मिळ दिसून त्याला नसती किंमत येते, किंवा अतिदुर्मिळ ठरून ते गाळलेही जाते.

ह्यावर प्रत्यय छाटून टाकावेत हा उपाय सहज सुचतो. हिंदीसाठी रामनाथन व राव ह्यांनी २००३ मध्ये असाच एक हलका छाटक तयार केला आणि लुसीनमध्ये त्याचा अंगीकार झाला. बंगाली, तमिळ, तेलुगू, नेपाळी ह्यांसाठीही तेथे सोय आहे. मराठीसाठी तशी स्वतंत्र सोय त्या यादीत माझ्या पाहण्यात नाही. पण समजा ती झाली. आपल्या परिसरातलेच उदाहरण घेऊन पाहू. ‘भीम’ ह्या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘भीमा’ : भीमाला, भीमाने, भीमाचा. ‘भीमा’ ह्या नदीचे सामान्यरूप ‘भीमे’ : भीमेला, भीमेच्या, भीमेकाठी. आता आंधळेपणाने ‘ला’ छाटला तर ‘भीमाला’मधून ‘भीमा’ उरते, म्हणजे पांडवाची नदी होते. आणि ‘भीमेला’मधून ‘भीमे’ उरते, जे कोणाचेच नाव नाही. नदीचा लेख नदीपासून तुटतो आणि महाभारताला जाऊन मिळतो. नारायणगावाजवळून वाहणाऱ्या मीना नदीची कथा ह्याहून मौजेची. नदी असेल तर ‘मीनेच्या काठी’. पण त्याच नावाची मुलगी असेल तर आजचा बोलणारा ‘मीनाला’ म्हणतो, ‘मीनेला’ म्हणत नाही. स्त्रियांच्या आकारान्त नावांचे सामान्यरूप आधुनिक मराठीत मागे पडत आहे, नद्यांचे अजून टिकून आहे. व्याकरणातला हा भेद यंत्राला नियमाने शिकवावयाचा तर आधी कोणती मीना हे त्याला कळले पाहिजे, आणि ते कळावे म्हणूनच तर छाटणी करावयाची होती!

मंचर, जुन्नर, ओतूर ही नावे ह्या बाबतीत सुदैवी आहेत. ‘घर’चे ‘घराला’ होते, पण ‘मंचर’चे ‘मंचराला’ होत नाही. विशेषनाम असल्याने ते अविकृत राहते, आणि प्रत्यय काढला की गाव हाती लागते. पुणे, ठाणे, आळे, डिंभे ह्यांना ते सुख नाही. ‘डिंभ्याला’, ‘आळ्याहून’ ह्यांतून मूळ नाव उकलावयाचे तर नियम हवा आणि गावांची यादीही हवी. आणखी एक शब्द ह्याच खोऱ्यातला. ‘धरणे’ म्हणजे अनेक धरणे, आणि ‘धरणे’ म्हणजे सरकारी कचेरीपुढे ठाण मांडणेही. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे ह्या पाचांविषयीच्या लेखाला यंत्राने एखादा सत्याग्रहाचा लेख जोडला, तर ती शब्दार्थाची चूक खरी. परंतु विस्थापितांचा विचार मनात आणला म्हणजे ती चूकही निरर्थक वाटत नाही.

लेखनपद्धतीचा प्रश्न वेगळाच आहे. केतकरांच्या ज्ञानकोशात ‘गांव’, ‘नांव’ अशी अनुस्वारयुक्त रूपे येतात. १९६२ च्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले. हे दोन्ही कोश आता आंतरजालावर उपलब्ध आहेत, पण ‘आंबेगांव’ आणि ‘आंबेगाव’ ही यंत्राला दोन गावे आहेत. त्याहून सूक्ष्म भेद असा की, ‘दऱ्या’ हा शब्द संगणकाच्या संकेतावलीत दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना अक्षर एकच दिसते, आत संकेतांची मालिका निराळी असते. सह्याद्रीतल्या दऱ्या अशा रीतीने न दिसता दुभंगतात.

नव्या पद्धतींनी ह्यांतील पुष्कळ अडचणी सौम्य केल्या आहेत हे मान्य केले पाहिजे. शब्दाचे लहान लहान तुकडे पाडून त्यांच्या सान्निध्यावरून अर्थ अजमावणारी प्रतिमाने २०१६ नंतर प्रचारात आली, आणि पुण्याच्या ‘एल-थ्री-क्यूब’ ह्या गटाने २०२२ मध्ये ‘महाबर्ट’ हे मराठीचे प्रतिमान प्रसिद्ध केले. ‘भीमेच्या’ आणि ‘भीमा’ ह्यांचे नाते असे प्रतिमान वाक्याच्या आधाराने बऱ्याच अंशी ओळखू शकते. परंतु माझा मुख्य आक्षेप रूपांविषयीचा नाही. समजा, सामान्यरूपाची गाठ पूर्णपणे सुटली. तरी यंत्र जे मोजते ते साम्य होय, संबंध नव्हे.

मराठी विकिपीडियावरील गावांचे असंख्य लेख एकाच साच्यातून काढलेले आहेत : अमुक तालुक्यातील गाव, उन्हाळा, पावसाळा, पर्जन्यमान, लोकजीवन. शब्दसाम्याच्या मापाने ह्यांतील कोणतेही गाव कोणत्याही गावाच्या निकटचे ठरणार. मंचरच्या लेखाखाली विदर्भातले एखादे खेडे आले तर यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. उलट डिंभ्याचा जलाशय आणि काळबादेवीची ती घटना ह्यांच्या वर्णनांत सामाईक शब्द जवळजवळ नसणारच. एकीकडे सिंचन, दरवाजे, पाणीसाठा. दुसरीकडे कापड, मोटार, बहिष्कार. त्यांना जोडणारे असते ते एक नाव, आणि ते जोडावे असे ज्याला वाटले तो माणूस. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आणि नाणेघाटातील लेखात आढळणारे प्राचीन अंक ह्यांचा शब्दांनी काय संबंध? दोन्ही जुन्नर तालुक्याच्या परिसरात आहेत, आणि जुन्नरच्या विद्यार्थ्याने दोन्ही पाहिलेली असतात. एवढा संबंध त्याला पुरतो.

तेव्हा उपाय शब्दांत न शोधता दुव्यांत शोधावा असे मला वाटते. ज्या दोन लेखांचा उल्लेख तिसऱ्या एखाद्या लेखात बरोबरीने होतो ते संबंधित मानावेत, हे तत्त्व हेन्री स्मॉल ह्यांनी १९७३ मध्ये शास्त्रीय निबंधांच्या बाबतीत मांडले. त्यापूर्वी १९६३ मध्ये केसलर ह्यांनी समान आधारग्रंथांवरून निबंध जोडून दाखविले होते. दुवा हा कोणा माणसाने दिलेला असतो. तो बाणाच्या खुणेचाच वंशज आहे, आणि अनेक बाण एकत्र केले की त्यांतून ‘पहा’ची चाहूल लागते.

येथे मराठी विकिपीडियात एक असे धन पडून आहे की ज्याकडे आमच्या अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. तेथे दुवा देताना लेखक शीर्षक दुहेरी चौकटी कंसात घालतो. ‘मंचरला’ लिहावयाचे तर [[मंचर]]ला इतके पुरते. पण ‘पुण्याला’ लिहावयाचे तर ते पुरत नाही. तेथे त्याला [[पुणे|पुण्याला]] असे लिहावे लागते. उभ्या रेघेच्या डावीकडे मूळ नाम, उजवीकडे वाक्यातले रूप. तसेच [[भीमा नदी|भीमेच्या]], तसेच [[लेणी|लेण्यांमधील]]. हे लिहिणाऱ्या व्यक्तीस आपण सामान्यरूपाची उकल करीत आहोत ह्याची जाणीवही नसते. ती आपला दुवा लाल न दिसता निळा दिसावा एवढ्याचसाठी धडपडत असते. २००३ पासून चालत आलेल्या ह्या कोशात अशा उकली ठिकठिकाणी विखुरलेल्या आहेत. त्या वेचल्या तर कोणत्या मूळ नामाची कोणती रूपे होतात ह्याची, प्रत्यक्ष वापरातून निघालेली आणि विशेषनामांनी समृद्ध अशी सूची हाती येईल. छाटकाला ‘भीमेला’चे काय करावयाचे ते नियमाने सांगता येत नव्हते, येथे ते कोणीतरी आधीच लिहून ठेवले आहे.

ह्या सूचीच्या जोडीला विश्वकोशातील ‘पहा’ घ्यावेत. शिफारस करणारे यंत्र बरे की वाईट हे ठरविण्यास कसोटी लागते, आणि वाईच्या संपादकांनी वीस खंडांत दिलेले ‘पहा’ ही मराठीतील तशी सर्वांत मोठी हस्तलिखित कसोटी होय असे मी समजतो. यंत्राने सुचविलेल्या तीन लेखांपैकी किती त्या यादीत सापडतात, हे पाहणे एका पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातले काम आहे. जेथे दोघांचे जुळत नाही त्या नोंदी एकेक करून तपासाव्या लागतील, कारण अशा काही ठिकाणी संपादकही चुकलेला असेल. भूगोलाच्या नोंदींपासून आरंभ करावा. नद्या आधी घ्याव्यात, मग धरणे. ‘आंबेगाव’ ह्या शीर्षकाखाली मात्र प्रथम दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागतील, एक तालुक्याची आणि दुसरी पाण्याखालच्या गावाची. आणि दुसरीच्या अखेरीस ‘डिंभे’ पहा, हे कोणालातरी हाताने लिहावे लागेल.